उपासनेच्या वेळी हातातला मोबाईल



आळंदीत राहणाऱ्या मनुष्याने ख्रिस्ती उपासनेतील मोबाईलविषयी बोलावे, ह्याचे कित्येकांस नवल वाटेल. म्हणून अधिकाराचा प्रश्न आरंभीच मिटवून टाकतो. मी धर्मशास्त्री नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला आणि पुढे जन्मभर मुलांना व्याकरण व हिशेब शिकविलेला एक सेवानिवृत्त मास्तर आहे. परंतु आमच्या भागाची घडणच अशी की, इंद्रायणीच्या काठी टाळमृदंगाचा घोष आणि तेथून दहा-बारा मैलांच्या टापूत भोसरी, पिंपरी, चिंचवड व चाकण येथील कारखान्यांचे भोंगे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला आणि पुढे एकामागून एक कारखाने निघत गेले, तशी नाना प्रांतांची माणसे पोटामागे येथे आली. त्यांत नगर जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती कुटुंबे होती, गोव्याची होती, केरळची व तामीळ मुलखाचीही होती. त्यांची मुले माझ्या वर्गात बसली. त्या मुलांच्या लग्नांस, नाताळास, आणि दुर्दैवाने काही वेळा अंत्यविधीसही मी त्यांच्या प्रार्थनामंदिरांत मागच्या बाकावर बसलेलो आहे. मागच्या बाकावरून पुढच्या सर्वांच्या हातांत काय आहे ते उत्तम दिसते, हे कोणत्याही मास्तरास सांगावयास नको.

पूर्वी त्या हातांत गीतांचे पुस्तक असे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे 'उपासना संगीत' पुष्कळ घरांत पिढीजात चालत आलेले असते. पाने सुटलेली, पाठीला कापडाची पट्टी डकविलेली. पवित्र शास्त्राचा ग्रंथ तर चांगला वजनदार. पंडिता रमाबाईंनी केडगावी अखेरपर्यंत खपून केलेले बायबलचे मराठी भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. असा ग्रंथ काखेत घेऊन मैल दोन मैल चालत उपासनेस येणे हीच एक लहानशी वारी होती. आज दोन्ही पुस्तके मोबाईलमध्ये मावतात. बायबलचे 'यूव्हर्जन' नावाचे ॲप २००८ साली अमेरिकेत निघाले आणि आता मराठीसुद्धा कितीतरी भाषांतून शास्त्र बोटाच्या टोकावर आलेले आहे. तेव्हा उपासनेत कोणाच्या हाती मोबाईल दिसला म्हणजे तो मनुष्य भ्रष्ट झाला, असा जो निकाल आमच्या वयाची मंडळी तडकाफडकी देऊन टाकतात, तो मला मान्य नाही. तो पोरगा कदाचित स्तोत्रसंहिता वाचत असेल. कदाचित नसेलही. पण नसेल हे आपण केवळ त्याच्या वयावरून ठरविणे बरे नव्हे.

आणि यंत्राविषयीची ही धास्ती काही आजची नाही. ज्या नभोवाणीवरून माझा आवाज आपल्या घरी येत आहे, तिच्याच जन्मकाळची गोष्ट घ्या. अमेरिकेत पिट्सबर्ग शहरी कॅल्व्हरी चर्चमधील उपासना २ जानेवारी १९२१ रोजी बिनतारी यंत्राने प्रक्षेपित झाली; अशा तऱ्हेची ती पहिली. पुढे १९२३ साली लंडनमध्ये यॉर्कच्या ड्यूकचा, म्हणजे पुढे सहावे जॉर्ज म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्राचा विवाह वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये व्हावयाचा होता. बी.बी.सी.ने तो ऐकविण्याची परवानगी मागितली. ॲबेच्या अधिकाऱ्यांनी नकार दिला. कारण काय, तर लोक तो विधी दारूच्या गुत्त्यात बसून, डोक्यावरची टोपीसुद्धा न काढता ऐकतील! मात्र दुसऱ्याच वर्षी, ६ जानेवारी १९२४ रोजी, त्याच लंडनमध्ये सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स ह्या चर्चमधून डिक शेपर्ड नावाच्या धर्मोपदेशकाने उपासना प्रक्षेपित करविली आणि जे कधी चर्चची पायरी चढत नसत तेही ऐकू लागले. टोपीचा प्रश्न ज्याच्या त्याच्या डोक्यावर राहिला.

रोमन कॅथॉलिक पंथात तर ह्याहून गमतीची गोष्ट आहे. तेराव्या शतकात इटलीत असिसी येथे क्लारा नावाची एक साध्वी होऊन गेली. ती आजारी पडून खोलीत खिळली असता, दूर चर्चमध्ये चाललेली मिस्सा तिला आपल्या खोलीच्या भिंतीवर दिसली, अशी आख्यायिका आहे. तिच्याच आधाराने पोप बारावे पायस ह्यांनी १९५८ साली तिला दूरचित्रवाणीची पालक संत म्हणून घोषित केले. कोणी हसो; मला त्यात मोठा अर्थ दिसतो. दुरून उपासना दाखविण्याचे पहिले प्रयोजन हे की, जो अंथरुणावर आहे त्याच्यापर्यंत ती पोचावी.

हे प्रयोजन किती खरे आहे, ते २०२० साली सर्व पंथांच्या लोकांस कळून चुकले. मार्चमध्ये टाळेबंदी झाली. त्या वर्षी १२ एप्रिलला ईस्टर होता. ख्रिस्ती वर्षातील सर्वांत मोठा सण, आणि देवळांना कुलपे. आमची दशा काय निराळी होती? आषाढी १ जुलैस होती आणि माउलींच्या पादुका आदल्या दिवशी एस. टी.च्या गाडीतून मोजक्या माणसांसह पंढरीस गेल्या. ज्या वाटेवर लाखो पाय चालतात ती वाट मोकळी पडलेली होती. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्यास, म्हणजे १६ नोव्हेंबरला उघडली; पुढल्या वर्षी पुन्हा बंद झाली ती ७ ऑक्टोबर २०२१ रोजी घटस्थापनेस उघडली. त्या काळात पाळकांनी रिकाम्या बाकांसमोर उभे राहून, मोबाईल तिपाईवर ठेवून प्रवचने केली. माणसे आपापल्या स्वयंपाकघरांत बसून गीते म्हणत. त्या दिवसांत फेसबुक व यूट्यूब नसते तर कित्येक म्हातारी माणसे देवाच्या शब्दावाचून गेली असती. अशा यंत्रास सरसकट नावे ठेवणे हा कृतघ्नपणा होय.

शिवाय आमच्याकडे आणखी एक अडचण आहे, ती इतरत्र फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही. भोसरी-चिंचवडकडील पुष्कळ लहान कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. ख्रिस्ती मनुष्याचा प्रभुवार रविवार. तेव्हा रविवारी सकाळी घंटा वाजते त्या वेळी कित्येक ख्रिस्ती कामगार यंत्रावर उभे असतात. तिसऱ्या पाळीहून आलेला तर डोळे चोळीतच घरी येतो. असा मनुष्य संध्याकाळी अंथरुणावर बसून सकाळची उपासना मोबाईलवर ऐकतो. त्याला आळशी कोण म्हणेल?

इतके सारे मान्य करून आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. उपासना दुरून दाखविणे ही एक गोष्ट, आणि उपासनेत बसलेल्या प्रत्येकाने आपापल्या हातातून ती जगापुढे मांडीत राहणे ही दुसरी. पहिलीत मंडळी एका आजाऱ्याकडे जाते. दुसरीत मंडळीच नाहीशी होते. तिच्या जागी बातमीदार बसतात.

अमेरिकेत ह्या दुसऱ्या गोष्टीचाही प्रयोग बुद्धिपुरस्सर झालेला आहे. मिशिगन संस्थानात जॅक्सन गावी वेस्टविंड्स नावाच्या मंडळीने २००९ च्या सुमारास उपासना चालू असतानाच लोकांनी ट्विटरवर आपले विचार लिहावेत आणि ते समोरच्या मोठ्या पडद्यावर उमटावेत, अशी योजना केली. त्याच वर्षीच्या शुभ शुक्रवारी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरील ट्रिनिटी चर्चने प्रभूच्या दुःखसहनाची कथा ट्विटरवरून तुकड्यातुकड्यांनी सांगितली. पैकी दुसरा उपक्रम मला आवडला. तेथे कथा सांगणारा एक, ऐकणारे अनेक, आणि जो ऐकतो तो आपल्या कामाच्या जागी आहे. आमच्याकडील हरिकथेचाच तो एक अमेरिकन अवतार म्हणावा. पहिल्याविषयी मात्र मन साशंक होते. वर्गात मी बोलत असता मुलांनी पाटीवर आपापली मते लिहून एकमेकांस दाखविली असती, तर मते पुष्कळ जमली असती. धडा झाला असता की नाही, सांगवत नाही.

पोप फ्रान्सिस ह्यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये रोमच्या चौकात जमलेल्या लोकांना ह्याच गोष्टीबद्दल चांगलेच फटकारले होते. मिस्सेत धर्मगुरू लोकांस अंतःकरणे वर उचलावयास सांगतो, फोन वर उचलावयास नव्हे, असा त्यांचा आशय होता. आणि केवळ सामान्य जन नव्हेत, तर पाद्री व बिशपही फोटो घेत असतात ह्याचा त्यांस विशेष खेद वाटला. आपल्या देशातही हा प्रश्न न्यायासनापुढे जाऊन आला आहे. तिरुचेंदूरच्या देवळाच्या प्रकरणावरून मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये तामीळनाडूतील मंदिरांत मोबाईलला मनाई करण्याचा हुकूम दिला. आमच्याकडील कीर्तनकारांतही श्रोत्यांनी मोबाईल बंद ठेवावेत अशी अट घालणारे आहेत. परंतु ह्या सर्वांच्या बोलण्यात बहुधा एकच तक्रार असते: मोबाईलवाल्याचे चित्त विचलित होते आणि स्थानाचे पावित्र्य भंगते. तक्रार खरी आहे. पण ती अर्धी आहे. मोबाईलवाल्याचे चित्त हा त्याचा आणि देवाचा प्रश्न. त्याच्या शेजाऱ्याचे काय?

माझा एक जुना विद्यार्थी आहे. नाव, गाव, मंडळी काहीच सांगत नाही. चाकणकडे एका कारखान्यात कंत्राटावर काम करतो. वर्गात हुशार होता, पुढे दारूच्या नादी लागला, बायकोने फार सोसले. शेवटी त्याच्या लहानशा मंडळीतील चार वडीलधाऱ्यांनी त्याला हाती धरला. दर संध्याकाळी कोणी ना कोणी त्याला कारखान्याच्या दाराशी भेटावयास उभा राही, की हा वाटेत कोठे वळू नये. आठ महिने झाले. ह्या मंडळ्यांत उपासनेत उभे राहून साक्ष देण्याची चाल आहे. आपल्या जन्मात देवाने काय केले ते मनुष्याने आपल्या बंधुभगिनींस सांगावयाचे. एका रविवारी हा उभा राहिला. पन्नास-साठ माणसे होती, सगळी ओळखीची. त्याने काही लपविले नाही. बायकोचे मंगळसूत्र मोडून प्यालो, हेही सांगितले आणि रडला.

तिसऱ्या बाकावरच्या एका तरुणाने हे सारे फेसबुकवर त्याच क्षणी दाखविले. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. ही साक्ष ऐकून आणखी कोणाची दारू सुटेल, अशीच त्याची भावना होती. पण सोमवारी चहाच्या सुटीत ती चित्रफीत कारखान्यात चारचौघांच्या मोबाईलवर वाजत होती. मंगळसूत्राचे वाक्य तेवढे पुन्हापुन्हा. बुधवारपर्यंत त्याला त्यावरून टोपणनाव पडले. मुलीच्या शाळेतही गोष्ट गेली. त्या मुलाने फेसबुकवरून ती काढून टाकली. परंतु काढून टाकणे हा शब्द तेथे नावापुरताच आहे, कारण तोवर ती व्हॉट्सॲपवरून कोठल्या कोठे गेलेली होती. माझ्या विद्यार्थ्याने पुन्हा दारू घेतली नाही. मात्र ज्या मंडळीच्या आधाराने त्याने ती सोडली, तिच्याकडे जाणे त्याने पाच महिने सोडले.

ह्याला कोणी म्हणेल, खऱ्या पश्चात्तापी मनुष्याने जगाची लाज कशाला धरावी? हा आक्षेप घेणे सोपे आहे, विशेषतः ज्याची चित्रफीत निघाली नाही त्याला. त्याने कबुली दिली ती साठ माणसांपुढे, ज्यांनी त्याच्यासाठी संध्याकाळी उन्हापावसात उभे राहून पाय दुखवून घेतले होते. ज्यांनी काहीच केले नाही, अशा सहा हजारांपुढे नव्हे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात येशूने, लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करणाऱ्यांस दोष दिला आहे आणि खोलीत जाऊन दार लावून घेण्यास सांगितले आहे. पण आजवर दार लावणे हे प्रार्थना करणाराच्या हाती होते. आता तो आत बसलेला असता दुसराच कोणी उठून दार उघडतो आणि रस्त्यावरच्यांस आत बोलावितो.

पुण्यात असाच प्रकार एकदा मोबाईलशिवायही घडलेला आहे. १८९० साली ऑक्टोबरात गुरुवार पेठेतील पंच हौद मिशनमध्ये एक सभा झाली. ती उपासना नव्हती, व्याख्यान होते. टिळक, रानडे, गोखले असे शहरातील प्रतिष्ठित गृहस्थ आले होते. मिशनऱ्यांनी चहा व बिस्किटे पुढे केली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांच्या नावांची यादी 'पुणे वैभव' पत्रात छापविली. पुढे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते घेण्याची पाळी आली आणि ग्रामण्याने शहर दुभंगले. आता सोवळ्याच्या त्या कल्पना राहिल्या नाहीत, ही आनंदाची गोष्ट. परंतु एका खोलीतील वर्तन खोलीबाहेर छापले म्हणजे त्याचा अर्थच पालटतो, हे त्या चहाने कायमचे शिकविले आहे. गोपाळरावांनी ते जाणूनबुजून केले. आजचे तरुण भाबडेपणाने करतात. ज्याचे नाव छापले जाते त्याला ह्या दोहोंतील फरक फारसा जाणवत नाही.

उपासना म्हणजे पाहणारे आणि दाखविणारे असा खेळ नव्हे, हे मराठी ख्रिस्ती लोकांस तरी नव्याने सांगण्याचे कारण नाही. त्यांच्या वाडवडिलांनी एकोणिसाव्या शतकात नगर भागात कीर्तनाची पद्धत उचलली. कृष्णराव सांगळे हे त्यांच्यातील नामांकित कीर्तनकार. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी पुढे अभंग व भजने रचून त्या उपासनेस अस्सल देशी सूर दिला, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. देहू येथून हाकेच्या अंतरावर, म्हणून मला ह्या गोष्टीचे विशेष अगत्य. कीर्तनात ऐकणारा मोकळा नसतो. त्याच्या हातात टाळ असतो किंवा टाळी असते. धृपद त्याने उचलावयाचे असते. ज्याचे दोन्ही हात मोबाईल उंच धरण्यात गुंतले, त्याची टाळी गेली, आणि त्याच्या मागे बसलेल्या बाईला बुवांच्या ऐवजी मोबाईलमधले इवलेसे बुवा पाहावे लागले. कार्तिकीस आळंदीत हे दृश्य पाहून पाहून मी कंटाळलो आहे. ख्रिस्ती मंदिरातही तेच पाहिल्यावर धर्म निराळे असले तरी व्याधी एकच आहे, अशी खात्री पटली.

मग करावे काय? ह्या प्रकरणानंतर त्या मंडळीने जे केले तेच सांगतो, कारण ते मला शहाणपणाचे वाटले. बंदीची पाटी त्यांनी लावली नाही. पाळकांनी आरंभी सूचना द्यावयाची की, शास्त्र व गीते मोबाईलवर खुशाल वाचा, परंतु चित्र घेऊ नका. आणि साक्ष व प्रार्थनाविनंत्या सुरू होण्यापूर्वी दाखविणे बंद केले जाईल. दाखविण्यासाठी एकच मोबाईल, मागच्या भिंतीशी तिपाईवर, वेदीकडे तोंड करून. तो सांभाळण्याचे काम कोणाकडे दिले? ज्याने ती चित्रफीत काढली त्याच तरुणाकडे. साक्ष सुरू झाली की तो उठतो आणि यंत्रावर रुमाल टाकतो. प्रभुभोजनाच्या वेळीही तसेच; भाकर आणि प्याला काही मोबाईलमधून घरी पोचत नाहीत, तेव्हा ते दुरून दाखवून उपाशी माणसाला ताट दाखविण्यासारखे करू नये, असे त्यांच्या पाळकांचे म्हणणे. आजाऱ्याकडे ते स्वतः प्रभुभोजन घेऊन जातात.

ह्या व्यवस्थेविरुद्ध तक्रार आली ती मात्र अनपेक्षित ठिकाणाहून. नगर जिल्ह्यात त्या मंडळीतील एका कुटुंबाची आजी अंथरुणाला खिळून आहे. दर रविवारी नातू तिच्यापुढे मोबाईल धरतो. तिने निरोप पाठविला की, वेदी मी जन्मभर पाहिली, पाळकांचे तोंडही पाठ झाले. मला माणसे दाखवा. कोण आले, कोणाला नातवंड झाले, कोणाचे केस पिकले, ते मला पाहावयाचे आहे. आता ह्या म्हातारीला काय उत्तर द्यावे? तिची मागणी फेसबुकवाल्या तरुणाच्या हौसेसारखीच दिसते, पण ती तशी नाही. ती पाहणारी नव्हे. ती त्याच मंडळीतील आहे, फक्त तिचा बाक लांब आहे.

मंडळीने ह्यावर बराच खल केला. शेवटी असे ठरले की, आशीर्वाद झाल्यावर ज्यांची इच्छा असेल त्यांनी पायऱ्यांवर उभे राहावे. तेथे तो मोबाईल पाच मिनिटे आजीसाठी फिरविला जाईल, आणि तो फेसबुकवर नव्हे, थेट तिच्या नातवाच्या फोनवर लागेल. माणसे आपापली नावे सांगतात, मुले पुढे येऊन हात हालवितात, आणि पलीकडून आजी प्रत्येकाला काहीतरी विचारते, बहुधा जेवणाविषयी. माझा विद्यार्थी आता पुन्हा उपासनेस येऊ लागला आहे. पायऱ्यांवर तो उभा राहत नाही. त्याची दुसऱ्या पाळीची वेळ झालेली असते, असे तो म्हणतो. पण मागे एका रविवारी आजीने त्याचे नाव घेऊन विचारले, तेव्हा गाडीला किल्ली लावलेला तो परत फिरला आणि मोबाईलसमोर येऊन उभा राहिला.